गिनीपिग लघवी करताना ओरडतो तेव्हा

गेल्या अंकात सशाच्या दातांवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की गिनीपिगच्या लघवीच्या तक्रारी असतील तर कळवा. मला वाटलं, दोन-चार पत्रं येतील. परवा आमच्या पोस्टमनने विचारलं, ‘मॅडम, यंदा दिवाळी लवकर आली का?’ सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून सात निवडले आहेत.

आधीच एक कबुली देते. माझ्या नोकरीची पहिली चौदा वर्षं गाई-म्हशींत गेली. कॉलेजात गिनीपिग म्हणजे प्रयोगशाळेतलं जनावर. कुणी त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात येईल हे आम्हाला शिकवणाऱ्यांनाही वाटलं नसेल. त्यामुळे या प्राण्याबद्दल मला जे कळतं ते नंतरचं आहे, आणि त्यातलं काही चुका करून शिकलेलं. त्यातली एक चूक खाली येईलच.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक विचारतात: पिंजऱ्यातल्या कापडावर लघवी वाळली की पांढरे डाग राहतात, खडूने रेघोट्या ओढल्यासारखे. मैत्रीण म्हणाली, हा मुतखडाच. दोन रात्री झोप नाही.

झोपा. गिनीपिगची लघवी मुळात गढूळच असते. आपलं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम उचलतं आणि बाकीचं शौचावाटे जाऊ देतं. गिनीपिगचं आतडं तेवढा हिशेब ठेवत नाही. खाण्यातून आलेलं बरंचसं आत घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. त्यामुळे थोडी पांढरी पूड उरणारच.

एवढं करा. वाळलेल्या डागावरून बोट फिरवा. तांदळाच्या पिठीसारखं मऊ लागलं तर चिंता नाही. रांगोळीसारखं कचकचीत लागलं, किंवा लघवीच दाट, पिठल्यासारखी पडायला लागली, तर मूत्राशयात गाळ साचतोय असं समजा आणि दाखवून घ्या. बोट नंतर धुवा, हे सांगायला नकोच.

ठाण्याहून: आमचा गब्बर, नर, साडेतीन वर्षांचा. दीड महिन्यापूर्वी लघवी करताना ‘चीं’ असा आवाज काढायला लागला. सासूबाई म्हणाल्या, लाडात आलाय. मग कापडावर गुलाबी डाग दिसला. डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून सात दिवसांचं औषध दिलं, बरा झाला. दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा बरा. आता तिसऱ्यांदा सुरू झालंय आणि पाठीची कमान करून कोपऱ्यात बसून राहतो. तिसरा कोर्स द्यावा का?

नको. आधी एक्स-रे. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर हे कळवलंच आहे. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंना बोल लावू नका. फ्रिज उघडला की किंवा प्लॅस्टिकची पिशवी वाजली की ‘वीक वीक’ करून घर डोक्यावर घेणारा हा प्राणी. त्याचा प्रत्येक आवाज आपल्याला लाडाचाच वाटतो. पण दुखण्याचा आवाज वेगळा असतो. बारीक, तुटक, तेल नसलेली बिजागरी करकरावी तसा, आणि तो नेमका मागचा भाग उचलून लघवी करताना येतो, कधी लेंडी टाकतानाही. गिनीपिग हा दुसऱ्यांच्या तोंडचा घास. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो खात असतो, फिरत असतो, आणि दिवसातून आठ-दहा वेळा त्या दोन सेकंदांत तेवढी तक्रार करून जातो. मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा. दवाखान्यातल्या टेबलावर तो दगडासारखा बसेल आणि डॉक्टरांना काहीच दिसणार नाही.

आता औषधाने बरं का वाटलं? खडा मूत्राशयाच्या भिंतीला घासतो, भिंत सोलवटते, तिथे जंतू बसतात. औषधाने जंतू मरतात, दुखण्याच्या औषधाने ठणका थांबतो. खडा जागच्या जागी. चपलेतला खडा न काढता पायाला मलम लावत राहावं, तसं हे. माझा नियम साधा आहे: पहिल्या वेळी लघवी तपासून औषध दिलं तर हरकत नाही, पण दुखणं परत आलं की फोटो काढल्याशिवाय दुसरी बाटली नाही. नर असेल तर मी पहिल्याच वेळी काढते.

यामागे ती चूक आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक नर आला, चॉकलेटी रंगाचा, कपाळावर पांढरा पट्टा. तक्रार गब्बरचीच. मी तीन आठवडे औषधं दिली. मग एक्स-रे काढला. मूत्राशय स्वच्छ. मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, खडा नाही. चौथ्या दिवशी रात्री त्याला टॉवेलात गुंडाळून आणलं. थेंबही उतरत नव्हता, पोटात मूत्राशय लिंबासारखं टणक लागत होतं. मी जुनी फिल्म पुन्हा उजेडावर धरली. चित्र कमरेच्या हाडाशी संपलं होतं. त्याच्या पुढचा भाग चौकटीत आलाच नव्हता. मागचे पाय मागे ओढून, शेवटपर्यंत घेऊन दुसरी फिल्म काढली, आणि मूत्रमार्गाच्या टोकाजवळ मसुराच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका दिसला. तो तर नुसत्या बोटालाही लागत होता. खडा निघाला, पण तोवर मूत्रपिंडांवर ताण येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. ती पहिली फिल्म मी अजून ठेवली आहे.

म्हणून एक्स-रे काढताना सांगा, आणि सांगायला लाजू नका: ‘शेवटपर्यंत घ्या, लघवीची जागा फोटोत आली पाहिजे.’ दोन बाजूंनी काढा, एक कुशीवर आणि एक पाठीवर. गिनीपिगचे बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यामुळे ते एक्स-रेत चांगले उठून दिसतात. गाळ किती आहे, मूत्रपिंड सुजलंय का, हे सोनोग्राफीत जास्त कळतं.

नर जोर करतोय आणि काहीच उतरत नाही, पोट ताणलंय, दात करकर वाजवतोय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, तिथून बारीक खडा घरंगळून जातो. नराचा लांब आणि अरुंद, तिथे तो अडकतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी. अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही आपल्या घरात नेहमी असणारी औषधं गिनीपिगला तोंडावाटे देऊ नका. आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जनावर जुलाबाने दगावतं. मुलाच्या सर्दीची उरलेली गुलाबी बाटली म्हणून तर अजिबात नको. डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा दिलं असेल तर ते चालतं. दुखण्यासाठी बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. हे तेच औषध बरं का, २००६ साली जनावरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकवर, त्याने गिधाडं मरतात म्हणून, बंदी आली तेव्हा त्याच्या जागी जे पुढे आलं. मात्र मात्रा वजनावर ठरते आणि मूत्रपिंडं कशी आहेत त्यावरही. आजोबांच्या गुडघ्याची गोळी चिमटीने मोडून देऊ नका.

डोंबिवलीहून: मादी, पाच वर्षांची. मूत्राशयात हरभऱ्याएवढा खडा आहे. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात आणि वर हेही सांगतात की खडा पुन्हा होऊ शकतो. मग कापाकापी कशाला? औषधाने विरघळणार नाही का?

विरघळणार नाही. कुत्र्या-मांजरांत एका जातीचे खडे विशेष आहाराने विरघळतात, ते वाचून हा प्रश्न येतो. हे खडे त्यातले नव्हेत. मादीत अगदी बारीक खडा असेल तर भूल देऊन चिमट्याने ओढून काढता येतो. हरभरा नाही येणार.

पुन्हा होऊ शकतो हे तुमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं, म्हणजे माणूस सरळ आहे. त्यांना आणखी काही विचारा. याआधी गिनीपिगची ऑपरेशनं केली आहेत का? भूल गॅसची देणार का? ऑपरेशन चालू असताना अंगाखाली गरम पॅड असेल का? मूत्रपिंडात आणि मूत्रपिंडातून येणाऱ्या नळ्यांत खडे नाहीत ना, हे बघितलंय का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दोन्ही मूत्रपिंडांत खडे असतील तर मूत्राशय रिकामं करून हाती फारसं लागत नाही, आणि तेव्हा मी स्वतः ऑपरेशनचा आग्रह धरत नाही.

आणखी एक. कुत्र्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, ते ऐकून तुम्ही हिला ठेवू नका. गिनीपिगला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं थांबलं की ते पुन्हा चालू करणं ऑपरेशनपेक्षा अवघड. गवत शेवटपर्यंत समोर असू द्या. भूल उतरल्यावर टाके कसे आहेत हे मी नंतर बघते, आधी बघते ती खाते का. नाही खाल्लं तर पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, पाण्यात भिजवून, कालवून, सिरिंजने पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने भरवायचं. थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. घरात हे करायला कुणी आहे का, ते आधी ठरवा. नवरा-बायको दोघंही सकाळी सातची लोकल पकडत असाल तर एकाने रजा टाका.

पाच वर्षं म्हणजे म्हातारपणाचा उंबरठा. पण ती खेळकर असेल, वजन टिकून असेल आणि बाकी तपासण्या ठीक असतील तर मी करा म्हणेन. खंगली असेल, मूत्रपिंडं गेली असतील, तर वेदनेत ठेवण्यापेक्षा तिला शांतपणे झोपवणं हा उपायही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. ते सुचवलं म्हणून कुणी तुम्हाला निर्दयी म्हणणार नाही. मी तर नाहीच.

साताऱ्याहून एक आजोबा: मला १९९८ साली मुतखडा झाला होता. रोज दोन पानं पानफुटीची चावून खाल्ली आणि खडा पडला. नातीच्या गिनीपिगला हेच सुरू करावं म्हणतो. सूनबाई नको म्हणतात. निदान लिंबूपाणी?

काका, सूनबाईंचं ऐका.

पानफुटीच्या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. या कुळातली झाडं चरून गुरं मेल्याची उदाहरणं आहेत. तुमचं वजन सत्तर किलो धरलं आणि नातीच्या प्राण्याचं नऊशे ग्रॅम, तर तुमची दोन पानं त्याच्यासाठी किती झाली, याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय आपल्यात होणारे खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे, याचे कार्बोनेटचे. माल वेगळा. आणि रागवू नका, पण लहान खडे आपले आपण पडतात. तुमचा पानफुटीने पडला की पाण्याने, हे सांगता यायचं नाही.

लिंबाचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, अर्धं. माझ्या टेबलावर एका काढलेल्या खड्याचे तुकडे बाटलीत आहेत. पिवळसर पांढरे, तुटलेल्या खडीसाखरेसारखे. मुलं आली की मी त्यातला कण बशीत ठेवून वर व्हिनेगरचा थेंब टाकते. इनो टाकल्यासारखे बारीक बुडबुडे येतात. मग हमखास प्रश्न येतो, ‘मग हेच पाजूया की!’ पण पोटात गेलेलं आंबट मूत्राशयापर्यंत आंबट राहून पोचत नाही. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी अल्कधर्मीच राहते, सामू आठ-नऊच्या घरात. आणि बरोबर याच कारणासाठी मेडिकलमध्ये लघवीच्या जळजळीवर मिळणारं ते गोड सिरपही मनाने देऊ नका. ते लघवी आणखी अल्कधर्मी करतं. आपल्या काही खड्यांना त्याचा उपयोग होतो. याच्या खड्याला तर तीच हवा मानवते.

बार्लीचं पाणी विचारणारे तिघे आहेत. त्याचा काही गुण नाही, साधं पाणी द्या. आणि बिअर. हे विचारणारे साताऱ्याचे काका नव्हेत, दुसरेच एक गृहस्थ आहेत. नाही.

पुण्याहून: नर, अडीच वर्षांचा, वजन १२८० ग्रॅम. सोनोग्राफीत गाळ निघाला. सकाळी पालक, मेथी, कोथिंबीर. दुपारी दुकानातलं मिक्स. गोठ्यावरून रोज ताजा लसूणघास आणतो. पिंजऱ्यात कॅल्शियमचा गुलाबी दगड टांगलाय. वाळलं गवत खात नाही. कॅल्शियम पूर्ण बंद करू का?

पूर्ण नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, हाडंही आहेत. पण तुम्ही त्याला चहूबाजूंनी कॅल्शियम देताय.

आधी तो दगड काढा. आज. गिनीपिगला त्याची काही गरज नसते, दुकानदाराला असते.

मग लसूणघास. याची शिफारस मी आयुष्यात हजारदा केली असेल. दुभत्या म्हशीला त्यासारखं काही नाही, कारण तिचं कॅल्शियम चरवीत जातं. तुमचा नर दूध देत नाही. त्याचं जायचं कुठे? सहा महिन्यांखालची पिल्लं, गाभण आणि पाजणाऱ्या माद्या यांना लसूणघास चालतो. बाकीच्यांना रोजचा नको. दुकानातल्या मिक्समधून मका आणि सूर्यफुलाच्या बिया निवडून टाका. नुसत्या पेलेटपुरतं बोलायचं तर दिवसाला एक मोठा चमचा. वाटी नव्हे, चमचा. पाकिटामागचा मजकूर वाचा. पहिलंच नाव अल्फाल्फा असेल तर तो लसूणघासच, परदेशी कपडे घातलेला.

पालेभाज्यांत पालक, माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, कढीपत्ता, फ्लॉवरची पानं ही रोजची नकोत. एकीने लिहिलंय की एकादशीला त्यालाही राजगिरा असतो. त्याची एकादशी माफ करा. मेथी-कोथिंबिरीच्या चार काड्या आठवड्यातून दोनदा चालतील. रोजच्यासाठी काकडी, ढोबळी मिरची, कधी गाजराची चकती. धुऊन, पाणी न झटकता, ओलंच द्या. तेवढंच पाणी पोटात जातं.

आणि गवत. गिनीपिगचं जेवण म्हणजे गवत, बाकी सगळी तोंडीलावणी. पाकिटातलं टिमोथी महाग वाटत असेल तर आपली हरळी आहे. स्वच्छ जागची, फवारणी नसलेली, सावलीत वाळवलेली. गणपतीत उरलेल्या दूर्वा म्हणजे हरळीच, हळद-कुंकू लागलेलं नसेल तर त्याही चालतील. तो गवत खात नाही कारण त्याला श्रीखंड आधी मिळतं. पेलेट आणि भाजी संध्याकाळवर ढकला, दिवसभर समोर गवतच ठेवा. मात्र चारही गोष्टी एका दिवसात बदलू नका, आठ-दहा दिवस घ्या, आणि त्या काळात लेंड्या मोजा. कमी किंवा बारीक व्हायला लागल्या तर हट्ट सोडा. वाळलं गवत खाणारा पाणीही जास्त पितो. हेच तर हवंय.

वजनाचं तुम्ही सहज लिहिलंत, पण मला ते खटकलं. बसून राहणाऱ्या जाड नराच्या मूत्राशयात गाळ तळाला बसतो, ताकाच्या भांड्यात साका बसावा तसा. रोज तासभर खोलीत मोकळा सोडा. वायरी उचलून.

भाज्या कमी करताना क जीवनसत्त्व विसरू नका. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीर ते तयार करत नाही. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीचे दोन-तीन तुकडे, पेरूची एक फोड किंवा नखाएवढा आवळा, यांतलं काहीतरी रोज. या जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकू नका. ते उजेडात उडून जातं, वर पाण्याची चव बदलते आणि प्राणी पाणीच कमी पितो.

नागपूरहून: दोन बहिणी, साडेतीन वर्षांच्या, एकत्र राहतात. आठवड्यातून दोनदा अंथरुणावर रक्त दिसतं. कुणाचं ते कळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पाळी असेल.

गिनीपिगला पाळी येत नाही. तेव्हा रक्त दिसलं की कारण शोधायचंच.

आधी चोर पकडा. पिंजऱ्याच्या मध्ये जाळी लावा म्हणजे दोघी एकमेकींना दिसतील, वास घेतील, पण अंथरूण वेगळं राहील. एकदम दोन खोल्यांत टाकू नका, त्या झुरतात. स्वित्झर्लंडमध्ये तर कायद्यानेच गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. दोन्हीकडे पांढरा जुना टॉवेल घाला. बीट दिलं असेल तर आधी दोन दिवस बंद करा. काही पाल्यांमुळेही लघवी तांबूस दिसते, आणि ते रक्त आहे की रंग, हे डोळ्यांनी नाही, लघवीत बुडवायच्या पट्टीने कळतं. पॅथॉलॉजी लॅबवाला ही पट्टी देतो.

मग टॉवेल नीट बघा. लघवीच्या डागातच रक्त मिसळलेलं असेल तर मूत्राशयाकडे संशय. लघवीचा डाग वेगळा, रक्ताचे थेंब वेगळे, असं असेल तर गर्भाशय. मादीत लघवीची वाट आणि योनी या दोन स्वतंत्र जागा आहेत, जवळजवळ असल्या तरी. या वयात माद्यांच्या अंडाशयात गाठी सर्रास होतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखे विरळ झाले असतील तर त्या असण्याची शक्यता वाढते. सोनोग्राफी सांगते. मी हे इतकं लांबवतेय कारण अशा मादीला मूत्राशयाचं औषध देत महिने काढलेले मी पाहिलेत, आणि खरा उपाय गर्भाशय-अंडाशय काढण्याचा होता.

दरम्यान खालची गादी कोरडी ठेवा. मादीच्या मूत्रमार्गाचं तोंड गुदद्वाराला खेटून असतं. ओल्या, घाण कापडावर बसून राहिली की शीमधले जंतू सरळ वर चढतात. तुमच्याकडच्या मे महिन्यात तर कूलरसमोर, पण थेट झोतात नाही.

कोल्हापूरहून, इयत्ता पाचवी: डॉक्टरकाकू, माझ्या चिंगीच्या मूत्राशयात गाळ झाला होता. आमच्या डॉक्टरांनी पाणी जास्त पाजायला सांगितलंय. पण ती पाणी पीतच नाही. बाबा सिरिंजने पाजतात तर तोंड फिरवते. मी काय करू?

तुझं अक्षर आमच्या संपादकांपेक्षा चांगलं आहे, हे आधी सांगते.

सगळ्यांत आधी बाटली तपास. नळीच्या टोकाला बारीक छर्रा असतो, तो बोटाने दाब. थेंब आला का? पाण्यातले क्षार साचून तो छर्रा अडकतो. बाटली भरलेली दिसते, आपल्याला वाटतं ही पीत नाही, आणि ती बिचारी कोरडी नळी चाटत असते. माझ्याकडे असा एक गिनीपिग आला होता. त्याला औषध लागलंच नाही, नळी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन दिली. नळी तू एकटीने साफ करू नको, आईला बरोबर घे.

बाटलीशिवाय एक वाटीही ठेव. लोणच्याची असते ना, चिनीमातीची जड, तशी. प्लॅस्टिकची ती उलटवेल. काही जणींना वाटीतूनच प्यायला आवडतं. पाणी सकाळ-संध्याकाळ बदल. काकडी धुऊन ओलीच दे.

बाबांना सांग, सिरिंज जोरात दाबायची नाही. पाणी छातीत गेलं तर मोठा घोटाळा. ओठाच्या कडेला एक थेंब, ती गिळेल, मग दुसरा. तोंड फिरवलं की थांबायचं.

बाटलीवर पेनने रेघा मारून रोज किती कमी झालं ते वहीत लिही. एक किलोच्या गिनीपिगला दिवसाला साधारण १०० मिलिलिटर लागतं, पण काकडी खाल्ली की कमी पिते, तेव्हा घाबरू नको. आणि दर रविवारी आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून, त्यात तिला बसवून वजन कर. आठवड्यात ५० ग्रॅम कमी झालं किंवा तिने एक वेळचं खाणं सोडलं, तर त्याच दिवशी आईला सांग, सोमवारची वाट बघू नको.

चिंगीचं चित्र मी दवाखान्यात लावलंय. फक्त तिच्या सगळ्या पायांना तू पाच-पाच बोटं काढली आहेस. पुढच्या पायाला चार असतात आणि मागच्या पायाला तीन. रविवारी डब्यात बसली की मोजून बघ.